चोरलेला होकार

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, आमच्या सोसायटीतल्या एक काकू दारात उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना खालच्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आत आल्यावर त्यांनी स्वतःच दार लोटलं आणि फोन माझ्यापुढे पालथा ठेवला. "बघ जरा. आणि आमच्या मुलाला सांगू नकोस."

फोन उलटा केला तर पडद्यावर सूचनांची रांग लागली होती. ‘तुमच्या फोनमध्ये ७ व्हायरस सापडले आहेत’, कुठल्याशा गाडीचं बक्षीस, पाच मिनिटांत कर्ज, आणि मधूनमधून ज्यांच्यामुळे त्या दार लोटून बसल्या होत्या ती चित्रं. फोन माझ्या हातात होता तेवढ्यात आणखी चार आल्या. हे तीन आठवडे चाललं होतं. तीन आठवडे त्यांनी नातवाच्या हाती फोन दिला नव्हता आणि भजनी मंडळात बसताना तो बंद करून पर्सच्या तळाशी ठेवत होत्या. "मी तसलं काही बघितलं नाही रे," हे त्या मला दोनदा म्हणाल्या.

काय झालं होतं ते कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नातवाचा दहावीचा निकाल बघायचा होता. गर्दीमुळे सरकारी संकेतस्थळ उघडेना, म्हणून त्यांनी ‘दहावी निकाल’ असं शोधून जे समोर आलं ते उघडलं. तिथे मजकूर होता: तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाऊ’ दाबा. त्यांनी दाबलं. त्या बटणाचा निकालाशी काही संबंध नव्हता. या संकेतस्थळाला माझ्या फोनवर केव्हाही सूचना पाठवू दे, अशी मुभा देणारं ते ब्राउझरचं बटण होतं. एकदा ती मुभा दिली की पान बंद केलं तरी ती उरते, आणि सूचनेवर बोट पडलं की ती आणखी एका तशाच पानावर नेते, तिथे पुन्हा ‘अलाऊ’. फोनमध्ये नवं अ‍ॅप आलेलं नव्हतं, व्हायरसही नव्हता. होत्या त्या फक्त परवानग्या. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनखाली अकरा अनोळखी नावं होती. ती काढली आणि फोन गप्प झाला.

फोन गप्प झाला तरी काकूंचं समाधान झालं नाही. "म्हणजे माझ्याच हातून झालं," त्या म्हणाल्या. त्या वाक्याला मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे द्यायचा प्रयत्न करतो.

ब्राउझरमध्ये काही बिनसलं की आपल्याकडे माणसं म्हणतात, व्हायरस आला. होमपेज आपोआप बदललं, गूगलऐवजी भलतंच काही शोधून देऊ लागलं, वर्तमानपत्राच्या पानावर बातमीच्या मधोमध जाहिरातीची खिडकी उघडली, सगळ्याला एकच शब्द. ताप आला, वादळ आलं, तसा व्हायरस आला. या वाक्यात आणणारा कुणीच नसतो. तो नसला की मग उरतो फक्त ज्याच्याकडे आला तो, आणि घरातली तरुण पोरं त्यालाच विचारतात, "कशाला क्लिक केलंस?"

हे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे अ‍ॅडवेअर, असं येत नाही, ते पाठवलं जातं. पाठवणाऱ्याचं कार्यालय असतं, हिशेब असतात, एका ब्राउझरमागे किती मिळतील याचा दर ठरलेला असतो. हा धंदा आहे, आणि ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसली पाहिजे असं मला वाटतं. साफसफाई कशी करायची, दोष कुणाचा, कायद्याने काय करावं, हे प्रश्न त्यानंतरच नीट विचारता येतात. या धंद्याचा कच्चा माल म्हणजे आपला होकार. खराखुरा व्हायरस परवानगी मागत बसत नाही. अ‍ॅडवेअरवाल्याला मात्र आपलं ‘येस’ हवंच असतं, कारण उद्या कुणी जाब विचारला तर दाखवायला त्याच्याकडे तेवढंच असतं. म्हणून त्याची सगळी हुशारी तो होकार काढून घेण्यात खर्च होते: आधीच खूण करून ठेवलेला चौकोन, ठळक अक्षरातलं ‘रेकमेंडेड’ आणि त्याखाली फिकट ‘कस्टम’, डाउनलोडचं मोठं हिरवं बटण जे खऱ्या डाउनलोडचं नसतंच. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ ही आपल्या सगळ्यांच्या बोटांना लागलेली सवय. तिच्यावरच हा सगळा डोलारा उभा आहे.

याला पाव शतकाचा इतिहास आहे. १९९९च्या सुमारास अमेरिकेत ‘गेटर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळू लागलं. पासवर्ड लक्षात ठेवायचं, फॉर्म भरून द्यायचं, कामाचं होतं. त्यासोबत माणूस कुठली पानं बघतो यावर ते नजर ठेवायचं आणि दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर स्वतःच्या जाहिराती आणून टाकायचं. २००२ साली वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स, डाऊ जोन्स आणि आणखी काही प्रकाशकांनी त्या कंपनीवर दावा लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं: पान आमचं, बातमी आमची, त्यावर जाहिरात डकवून पैसे तुम्ही घेता. न्यायालयाने तात्पुरती मनाई केली आणि पुढच्या वर्षी प्रकरण आपसात मिटलं. त्याच २००३ साली गेटरने आपल्याला स्पायवेअर म्हणणाऱ्या पीसी पिटस्टॉप या कंपनीवर बदनामीचा दावा लावला, आणि वर्ष संपण्याआधी स्वतःचं नाव बदलून ‘क्लॅरिया’ करून घेतलं.

नावाचा हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. चोराला चोर म्हटलं तर तो कोर्टात खेचतो, या भीतीपोटी अँटिव्हायरस कंपन्यांनी एक मवाळ शब्द वापरात आणला, ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड प्रोग्राम’. म्हणजे कदाचित तुम्हाला नको असलेला प्रोग्राम. आजही स्कॅन केल्यावर हेच शब्द दिसतात, आणि ज्याचा संगणक लुटला जातोय त्याला वाटतं, कदाचित हा मलाच हवा असेल, राहू दे. भीती निराधार नव्हती. ‘झँगो’ नावाच्या अ‍ॅडवेअर कंपनीने २००७ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीला न्यायालयात ओढलं, आमचा प्रोग्राम अडवता का म्हणून. त्याच्या आधीच्याच वर्षी या झँगोने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून तीस लाख डॉलर भरले होते. लोकांच्या संमतीशिवाय सॉफ्टवेअर घुसवलं आणि ते काढणं मुद्दाम अवघड करून ठेवलं, असा आयोगाचा आरोप होता. २००९ मध्ये अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला: काय आक्षेपार्ह आहे ते ठरवून अडवण्याचं संरक्षण कायदा सुरक्षा-सॉफ्टवेअरला देतो. तोवर झँगो बंद पडली होती. निकाल आला, पण तो भित्रा शब्द मात्र तसाच राहिला.

आता पैशांकडे बघू, कारण कोड्याची चावी तिथेच आहे. या धंद्यात ‘पे पर इन्स्टॉल’ नावाची व्यवस्था आहे. एखाद्याकडे लोकांना हवं असलेलं फुकट सॉफ्टवेअर असतं, समजा व्हिडिओ बघायचा प्रोग्राम. मधला दलाल त्याला सांगतो की तुझ्या सेटअपमध्ये या चार गोष्टी जोड, प्रत्येक यशस्वी इन्स्टॉलमागे पैसे देतो. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ही साखळी उलगडून दाखवली. एका इन्स्टॉलला दहा सेंटपासून दीड डॉलरपर्यंत भाव मिळत होता. आठवड्याला सहा कोटींहून अधिक वेळा गूगलची यंत्रणा लोकांना अशा डाउनलोडबद्दल सावध करत होती, आणि हा आकडा खऱ्या व्हायरसबद्दलच्या इशाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. म्हणजे ज्याला आपण किरकोळ कटकट समजतो ती प्रत्यक्षात आपण ज्याला घाबरतो त्या व्हायरसपेक्षा तिपटीने पसरलेली होती. त्याच्या आदल्या वर्षीचा गूगल आणि बर्कलीच्या संशोधकांचा अभ्यास दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे जाहिरात कोण देतं तिथून पाहतो. गूगलच्या पानांवर येणाऱ्या आयपी पत्त्यांपैकी साडेपाच टक्क्यांवर कुणीतरी उपऱ्या जाहिराती घुसडत होतं. या घुसडलेल्या जाहिरातींचा ७७ टक्के प्रवाह फक्त तीन जाहिरात-जाळ्यांमधून वाहत होता, आणि सरतेशेवटी पैसे मोजणाऱ्यांत मोठमोठी, घराघरांत माहीत असलेली दुकानं होती. त्यातल्या बहुतेकांना आपली जाहिरात कुठल्या वाटेने जाते हे ठाऊकही नव्हतं.

तीन जाळी. लाखो वृद्धांना, विद्यार्थ्यांना, दुकानदारांना ‘नीट बघून क्लिक करा’ असं शिकवत राहायचं, की तीन दारं राखायची? मला यात दुसरा मार्गच सोपा दिसतो.

भारतही या बाजाराच्या बाहेर नाही. २०१७ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या अ‍ॅडवेअरची बातमी दिली. बीजिंगच्या राफोटेक या जाहिरात कंपनीचं ते काम होतं, आणि जगभरातल्या २५ कोटी संगणकांपैकी सर्वाधिक, अडीच कोटींहून जास्त, भारतात असल्याचा चेक पॉइंटचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने तो फुगवलेला ठरवला, तेव्हा आकडा बाजूला ठेवू. पण पद्धत बघा: तीच, फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात लपून. त्याच्या दोन वर्षं आधी बंगळुरूच्या तेजेश जी. एन. यांनी एअरटेलच्या मोबाइल इंटरनेटवरून उघडलेल्या पानांत परका कोड मिसळला जात असल्याचं दाखवून दिलं होतं. त्यांना आभाराचं पत्र आलं नाही, तो कोड बनवणाऱ्या इस्रायली कंपनीची कायदेशीर नोटीस आली. संकेतस्थळं ‘एचटीटीपीएस’वर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, गेली तसतसा वाटेत घुसण्याचा हा मार्ग अरुंद झाला. मग घुसणाऱ्यांनी ब्राउझरच्या आतच ठाण मांडलं.

एचटीटीपीएसचं ते कुलूप आतूनही कसं फोडता येतं, त्याचं मी पाहिलेलं सर्वांत वाईट उदाहरण म्हणजे सुपरफिश. २०१४च्या उत्तरार्धात लेनोवोच्या काही लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच टाकून आलं. ग्राहकाने काही डाउनलोड केलं नव्हतं, कुठे क्लिक केलं नव्हतं, खोकं उघडलं तेव्हापासून ते आत होतं. तुम्ही ज्या वस्तूचं चित्र बघाल तिच्यासारख्या वस्तूंच्या जाहिराती दाखवायचं हे त्याचं काम. बँकेची पानं असतात तशी कुलूपबंद पानंही त्याला वाचायची होती, म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवलं. कुठल्याही संकेतस्थळाच्या नावाने खोटी ओळख तयार करायची आणि ब्राउझरला ती खरी भासवायची, अशी ती सोय. आणि सगळ्या लॅपटॉपवर चावी एकच. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञाने काही तासांत तिचा पासवर्ड काढला. तो होता ‘कोमोडिया’, हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव. आता कॉफीच्या दुकानातल्या वायफायवर शेजारी बसलेला कुणीही त्या लॅपटॉपसमोर बँक म्हणून उभा राहू शकत होता. जाहिरात दाखवायला घराची भिंत पाडली, आणि मग भिंत पडलेलीच राहिली: प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी प्रमाणपत्र मागे उरायचं, ते वेगळं काढावं लागायचं. २०१७ मध्ये ३२ अमेरिकी राज्यांना पस्तीस लाख डॉलर देऊन लेनोवोने हे प्रकरण मिटवलं.

‘अ‍ॅडवेअर निरुपद्रवी असतं, फक्त जाहिराती दाखवतं’ असं कुणी म्हटलं की मी सुपरफिशची आठवण करून देतो. जाहिरात हा उद्देश निरुपद्रवी असेलही. पण ती घुसवण्यासाठी जे अधिकार घ्यावे लागतात ते चोराला लागणारेच असतात. आज ब्राउझरला जोडायचं एखादं एक्सटेन्शन ‘सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सगळा डेटा वाचणं आणि बदलणं’ एवढी मुभा मागतं, तेव्हा तीच चावी आपण स्वखुशीने देत असतो. आणि ती चावी विकता येते. अमित अग्रवाल या प्रसिद्ध भारतीय ब्लॉगरनी आपलं ‘अ‍ॅड टू फीडली’ हे एक्सटेन्शन कुणा अनोळखी माणसाला विकलं. तासाभराचं काम होतं, चार आकडी डॉलर मिळत होते. नव्या मालकाने अपडेट पाठवलं आणि तीस हजार लोकांच्या ब्राउझरमध्ये न विचारता जाहिराती शिरल्या. २०१४च्या जानेवारीत अग्रवाल यांनी हे स्वतः लिहिलं आणि विकणं चुकीचं होतं हे मोकळेपणाने कबूल केलं. असं सांगायला धैर्य लागतं. पण त्या तीस हजारांपैकी एकानेही काही चूक केली नव्हती. त्यांनी एका भल्या माणसाचं चांगलं एक्सटेन्शन घेतलं होतं, बस. सात वर्षांनी ‘द ग्रेट सस्पेंडर’चं हेच झालं. वीस लाखांवर लोक वापरत असलेलं हे एक्सटेन्शन २०२०मध्ये विकलं गेलं आणि २०२१च्या फेब्रुवारीत गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. होकार एकाला दिलेला असतो, वसूल करायला दुसराच येतो.

मग झालेली घाण काढायची कशी? आपल्याकडे याला एक सार्वत्रिक उत्तर आहे: फॉरमॅट मारा. माझा एक परिचित कोर्टाजवळच्या गल्लीत डीटीपीचं काम करतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नपत्रिका. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं काहीतरी त्याने कुठूनतरी उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून क्रोम उघडलं की वेगळंच सर्च पान येऊ लागलं. दुरुस्तीवाल्याने पाचशे रुपये घेऊन फॉरमॅट मारला. तीन वर्षांच्या लग्नपत्रिकांची डिझाइनं डेस्कटॉपवर होती, ती गेली. संध्याकाळी त्याने नव्या विंडोजवर क्रोम टाकलं, आपल्या गूगल खात्याने साइन इन केलं, आणि मिनिटभरात तेच सर्च पान हजर. कारण चोर विंडोजमध्ये नव्हताच. तो एक्सटेन्शन म्हणून खात्यात बसलेला होता आणि सिंक झाल्यावर सगळ्या बुकमार्कांबरोबर परत आला. मला हे आठवलं की आजही वाईट वाटतं. त्या माणसाने तीन वर्षांचं काम गमावलं, केवळ ‘व्हायरस’ या चुकीच्या निदानापायी.

म्हणून घाई न करता, ज्या त्या जागी हात घालावा. पहिल्यांदा एक्सटेन्शनची यादी उघडावी आणि जे आपण टाकल्याचं आठवत नाही ते काढावं. जे आठवतं त्याची गरज आजही आहे का हेही विचारावं. नोटिफिकेशनच्या परवानग्या पाहाव्यात. फोनवरचा त्रास पुष्कळदा तिथेच सापडतो. मग डीफॉल्ट सर्च इंजिन आणि ब्राउझर सुरू होताना उघडणारं पान. विंडोजमध्ये प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावली तर ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवशीचे पाहुणे एका ओळीत दिसतात. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून त्याचा पत्ता वाचावा. शेवटी एखाद्या संकेतस्थळाचं शेपूट जोडलेलं असेल तर होमपेज कितीही बदललं तरी ते पान येतच राहणार. काढलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी परत उगवली तर टास्क शेड्युलर तपासावा, कारण पुष्कळ अ‍ॅडवेअर तिथे आपलं बी पेरून ठेवतं. घरगुती संगणकावर क्रोम ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित आहे’ असं सांगत असेल तर तीही धोक्याची खूण समजावी, घराला कुठली आली संस्था? कधी एखादा अँटिव्हायरसही असे नियम लावतो, पण ते अ‍ॅडवेअरचेही असू शकतात. एवढं झालं की ब्राउझर रीसेट करावा आणि अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरसारखं एखादं विश्वासाचं हत्यार एकदा फिरवावं. सगळ्या घरात, सगळ्या फोनवर एकाच वेळी भलतीकडे पानं जात असतील तर ब्राउझर सोडून राउटरची डीएनएस सेटिंग पाहावी. आणि हे सगळं करताना पडद्यावर येणाऱ्या ‘आम्ही तुमचा व्हायरस काढून देतो’ या बटणाला कधीही हात लावू नये.

ही साफसफाई ज्याची त्याला करावी लागते याचं मला दुःख आहे. २०१७ पासून केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र मोफत साधनं देतं, ते चांगलंच आहे. पण त्या नावातच आपला सगळा विचार दिसतो. केर काढण्यावर भर आहे, केर टाकणाऱ्याला पकडण्यावर कमी. क्रोममध्ये विंडोजवरची नको असलेली सॉफ्टवेअरं शोधून काढणारं एक साधन आतच होतं. २०२३ मध्ये गूगलने तेही काढून टाकलं, आता तक्रारी कमी झाल्या या कारणाने. तक्रारी कमी झाल्या असतील. काकूंनी तीन आठवडे तक्रार केली नव्हती, हेही तितकंच खरं.

माझ्या म्हणण्याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही मी मनापासून ऐकतो. पहिला: फुकट हवं तर जाहिरात सोसा, शिवाय जाहिरात अडवणारी साधनं वापरून तुम्ही छोट्या प्रकाशकांचं पोट मारता. यातला अर्धा भाग खरा आहे. मराठीतली कितीतरी छोटी बातमीपत्रं, अंक, पाककृतींची संकेतस्थळं जाहिरातीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर जगतात आणि ती जगावीत असं मला कळकळीने वाटतं. पण अ‍ॅडवेअर त्यांच्या बाजूचं नाही. गेटरने वर्तमानपत्रांचं केलं तेच ते आजही करतं: त्यांच्या पानावर स्वतःचा फलक ठोकतं, आणि वैतागलेला वाचक ते संकेतस्थळच बंद करतो. जाहिरात-रोधकाबद्दल सांगायचं तर २०२२च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच शोधात येणाऱ्या खोट्या जाहिरातींपासून वाचायला ते वापरा असा सल्ला दिला. माझं मत असं आहे की ज्या संकेतस्थळावर विश्वास आहे तिथे ते बंद ठेवावं, बाकी ठिकाणी चालू. क्रोमने एक्सटेन्शनांचे नियम बदलून ‘युब्लॉक ओरिजिन’सारखं समर्थ साधन बाद केलं, ते मला पटलेलं नाही. एक्सटेन्शनांचे अधिकार आवळणं गरजेचं होतं हे मान्य, पण जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने ते आवळताना पहिला बळी लोकांच्या पहारेकऱ्याचा द्यावा, हे खटकतं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. माणसाने वाचायला नको का? चौकट समोर होती, खूण काढता येत होती. याला कायद्याच्या भाषेत बळ आहे. भारतीय करार कायदा १८७२चा. त्यात संमती मोकळी असावी लागते, फसवणुकीने वा चुकीच्या माहितीने मिळवलेली संमती ज्याची घेतली तो रद्द करू शकतो. पण त्याच कायद्याच्या १९व्या कलमात एक अपवादही आहे: चुकीच्या माहितीमुळे किंवा लबाडीच्या मौनामुळे संमती दिली असेल, आणि सामान्य दक्षतेने सत्य कळणं शक्य असेल, तर करार मोडता येत नाही. अ‍ॅडवेअरवाला याच ‘सामान्य दक्षते’च्या आडोशाला उभा असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३वं कलमही मालकाच्या ‘परवानगीशिवाय’ संगणकात अपायकारक काही घुसवणाऱ्याला दोषी धरतं. परवानगी दाखवता आली की वादाला तोंड फुटतं. हा सगळा धंदा होकार का गोळा करतो, ते इथे दिसतं.

पण सामान्य दक्षता म्हणजे किती? निकालाच्या दिवशी, नातू शेजारी नखं खात उभा असताना, परक्या भाषेतल्या चौकटीत ‘रोबो नाही हे सिद्ध करा’ असं लिहिलेलं असताना, चौकटीचा खरा अर्थ लिहिलेल्या अर्थाहून वेगळा आहे हे ओळखणं? ही दक्षता सामान्य नव्हे. आणि तिथे माहिती नुसती लपवलेली नव्हती, उघड खोटं लिहिलेलं होतं. उघड खोट्याला तो अपवाद लागू होत नाही. सुदैवाने आपल्याकडे आता नवी सुरुवात झाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यातल्या तेरा प्रकारांत फसवे प्रश्न आहेत, वेशांतर केलेल्या जाहिराती आहेत, आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशी खोटी भीती घालून काही गळ्यात मारणंही आहे. म्हणजे काकूंच्या फोनवर आलेल्या त्या सूचनेला आता कायद्याच्या कागदावर नाव मिळालं आहे. ‘कदाचित नको असलेला’पेक्षा ते नाव कितीतरी धीट आहे.

नाव मिळालं, आता पुढचं पाऊल पैशाच्या दिशेने टाकायला हवं. २००७च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्याने ते टाकलं होतं. डायरेक्ट रेव्हेन्यू या अ‍ॅडवेअर कंपनीमार्फत जाहिराती दिल्याबद्दल त्याने प्राइसलाइन, ट्रॅव्हलोसिटी आणि सिंग्युलर या जाहिरातदारांनाच जबाबदार धरलं. प्रत्येकाने तीस-पस्तीस हजार डॉलर भरले आणि आपली जाहिरात कुठून जाते यावर लक्ष ठेवायचं कबूल केलं. रक्कम लहान होती, पण बोट योग्य ठिकाणी ठेवलेलं होतं. आपल्याकडे कर्जाचं अ‍ॅप, जुगाराचं अ‍ॅप, शिकवणीचं अ‍ॅप, यांची जाहिरात ज्या वाटेने काकूंच्या फोनवर आली त्या वाटेवरच्या प्रत्येकाला ‘तुझी जाहिरात इथे कशी?’ हा प्रश्न विचारणारं कुणी असलं पाहिजे. उत्तर देणं बंधनकारक असलं पाहिजे. तोवर घराघरांत कुणीतरी आजी किंवा आजोबा फोन पालथा ठेवून बसलेले असतील, आणि त्यांना मदत नको असेल, आधी कुणीतरी ‘तुमची चूक नाही’ म्हणायला हवं असेल.

जूनमध्ये काकू पुन्हा आल्या, या वेळी दार उघडं ठेवून. आदल्या भेटीत मी त्यांच्या फोनची भाषा मराठी करून दिली होती. अकरावीच्या प्रवेशाची बातमी वाचताना एका पानाने सूचना पाठवायची परवानगी मागितली होती आणि त्यांनी ती चौकट तशीच उघडी ठेवून फोन माझ्याकडे आणला होता. "हे म्हणतंय सूचना दाखवू का. मी नाही म्हटलं तर बातमी दिसायची बंद होईल का रे?"

मला तेव्हा कळलं की मे महिन्यातही त्यांच्या मनात हीच भीती असणार. नाही म्हटलं तर निकाल दिसणार नाही.

"दाबून बघा," मी म्हटलं.

त्यांनी ‘ब्लॉक करा’ दाबलं आणि श्वास धरून पडद्याकडे पाहत राहिल्या. चौकट गेली. बातमी होती तिथेच होती. काकूंनी चष्मा सारखा केला आणि दुसऱ्या फेरीची तारीख शोधू लागल्या.